नाव पिवळं होईपर्यंत

कोल्हापूर,
मार्च २००६

प्रिय प्रसेन,

सप्रेम जय भीम.

मेलही करता आली असती. पण मेल वाचताना दुसरं काहीतरी करत राहायची तुझी सवय आहे. पाकीट फोडायला दोन्ही हात लागतात.

आईचा गुडघा आता बरा आहे. दीक्षाला शाळेत कायम केलं. तुझी वहिनी हे तुला फोनवर स्वतःच सांगणार होती, पण आप्पांनी रिसीव्हर काढून घेतला, म्हणून मी लिहितो. बाकी घरात बातमी एकच, ती म्हणजे कॉम्प्युटरची. तू बेंगळूरला जाताना मागे ठेवून गेलास, तोच. फार मंद झाला होता. बटण दाबून आप्पा आंघोळीला जायचे. परत आले तरी पडद्यावर वाळूचं घड्याळच असायचं. त्यांची तक्रार नव्हती. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला माणूस. म्हणायचे, “इंजन गरम हुईस्तोवर गाडी दाबायची न्हाई.” त्या खोलीत अजून चपला चालत नाहीत. आईनं शिवलेलं कव्हर ते रोज स्वतः काढतात, घडी करतात. त्याच भिंतीवर माझं एम.ए.चं प्रमाणपत्र आहे. त्याची काच पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

मागच्या वर्षी जागा संपली तेव्हा काय पुसायचं असा प्रश्न आला. त्यात तुझी मोटारींची शर्यत होती, कॉलेजचे प्रोजेक्ट होते, मित्रांचे फोटो होते. माझा अर्धा प्रबंध होता. आप्पा म्हणाले, “त्याचं ऱ्हाऊ दे. तुझं कागदावर बी हुतंय की.” प्रबंध फ्लॉपीवर गेला. तुझी शर्यत अजून आहे. ती कुणी खेळत नाही.

जानेवारीत मात्र त्यांनीच हट्ट धरला की मशीन पळतं करून दे. मी शाहूपुरीतल्या सयाजीला आणलं. त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि तोंड फार. बटण दाबून तो वाट बघत बसला, मग म्हणाला, “आप्पा, ह्यो कॉम्प्युटर हाय का गाभण म्हस? उठायलाच तयार न्हाई.” आप्पा चिडले. “नावं ठिवू नको. ह्याच्यावर माझा पोरगा इंजिनेर झालाय.” मी शेजारीच उभा होतो, पेचकस धरून. मीही त्यांचा पोरगाच. सयाजीनं झाकण उघडलं, धूळ उडवली, मेलेली झुरळं काढली, मेमरीची एक नवी चिप बसवली. मग सांगितलं, “चालू झाल्याझाल्या धा-बारा प्रोग्राम एकदम दारात घुसत्यात. त्यांना आदी भायेर काढू.” काढले. आप्पांनी एकच बजावलं, “ती चेहऱ्याची खिडकी तेवढी काढू नको.” शेवटी त्यानं डिस्कमधलं विस्कटलेलं सामान लावायला घातलं. पडद्यावर रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकत होते. आप्पा दुपारभर खुर्चीवरून हलेनात. मला म्हणाले, “डेपोत गाड्या लावत्यात बघ, तसं लावतोय.” इतक्या लक्षपूर्वक त्यांनी माझं काही पाहिल्याचं आठवत नाही.

चेहऱ्याची खिडकी म्हणजे मेसेंजर. तू दिवाळीत बसवून दिलास आणि म्हणालास, नाव पिवळं झालं की समजा मी तिथं बसलोय. सुरुवातीला ते होत असे. आप्पा एका बोटानं मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘जेवलास का’ लिहीत. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहीत. नंतर नाव करडंच राहू लागलं. मशीन पळतं करायचा हट्ट का होता, ते मला सयाजी गेल्यावर समजलं. हात चोळत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “प्रसेन तिकडनं टायमात निघतोय रं. आपलंच मशीन त्येला धरत न्हवतं. आता बघ.”

आता बटण दाबलं की कव्हरची घडी होईपर्यंत सगळं समोर येई. तुझं नावही येई. करडं. आप्पा आंघोळ आटोपून आधीच येऊन बसत. काही दिवसांनी ते उशिरा येऊ लागले. एकदा कव्हर न काढताच नुसते खोलीत बसलेले दिसले. म्हणाले, “मशीनचा काय दोष न्हाई म्हणायचा.” तुझ्यापायी ते असे बसून राहतात, हे बघून मला जे वाटलं ती दया नव्हती.

त्याच आठवड्यात मी बिंदू चौकातल्या सायबर कॅफेत माझं खातं उघडून बसलो. तिथे तुझं नाव पिवळं होतं. दीक्षाला फोन करून विचारलं, घरच्या पडद्यावर, आप्पांच्या खात्यात, काय आहे? ती म्हणाली, करडं. आप्पांपुरता दिवा बंद ठेवायची सोय असते, हे मला माहीत नव्हतं. कारण समजू शकतो. ऑफिसात दर दोन मिनिटांनी जेवलास का, कुणालाही जड जाईल. मला कुणी असं विचारलं नाही, म्हणून कदाचित मला ते नीट समजत नसेल.

तपासून आणतो असं आप्पांना सांगून मी कॉम्प्युटर रिक्षात घालून सयाजीकडे नेला. चिप काढ म्हटलं, भायेर काढलेले सगळे परत आत घे. तो म्हणाला, “सर, लोकं पैलवान व्हायला येत्यात. तुमी धडधाकट माणूस आजारी पाडायला आलाय व्हय?” पण केलं त्यानं. दुसऱ्या दिवशी वाळूचं घड्याळ परत आलं. आप्पा आंघोळ करून आले, बघितलं आणि खुलले. “म्हटलं न्हवतं? जुनं इंजन हाय. सयाजीला काय जमतंय!” त्या दिवशी त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. संध्याकाळी कव्हरची घडी घालून बसलेही. मशीन मी बिघडवलं हे त्यांना माहीत नाही. कळलं तर ते मला माफ करणार नाहीत. दिव्याचं कळलं तरी तुला मात्र करतील.

तो दिवा लाव, असं मी तुला सांगत नाही. सांगून लावलेला मला बघवणार नाही. आणि लागला, तर घरात मी अजूनच दिसेनासा होईन, तेही आहे. सांगायचंय ते वेगळंच. मे महिन्यात तू रजेवर येतो आहेस असं आई म्हणाली. त्या खोलीत शिरशील, बटण दाबशील, वैतागशील, आणि तुझा हात आपोआप कामाला लागेल. चहा निवायच्या आत तुला ते जमेल. आप्पा मागे उभे राहून बघतील आणि गल्लीभर सांगत सुटतील. मग तू परत जाशील, आणि पळत्या मशीनपुढे बसून ते तुझ्या करड्या नावाकडे बघत राहतील. म्हणून मशीनला हात लावू नकोस. जमत नाही म्हण. त्यांच्यासमोर न जमायची मला सवय आहे. तुला नाही, म्हणून आधीच लिहितो आहे.

तुझाच, घरी राहिलेला,
संघर्षदादा