उत्तर नसल्यास ‘वर आली’

१. १४ मार्चला येसूबाई खाडीतून वर आल्या नाहीत.
२. माझ्या ॲपने त्या वर आल्याचं दाखवलं. कोणी शोधायला गेलं नाही.
३. विचारल्यावर मी खोटं कारण सांगितलं.

हे आज, ८ एप्रिलला, वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं. पुढचं त्या त्या दिवशीचं.

३ मार्च
दिघीजवळच्या गावात पोहोचले. खोली स्वच्छ, खिडकीतून खाडी. ओहोटीला बायका चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरतात. पाणी फिरून भरती लागली की मनुबाई बांधावरून एकेकीचं नाव पुकारतात; वर आलेली ओ देते. आता माझ्या ॲपमुळे मनुबाईंचा आवाज प्रत्येकीच्या फोनवर जाईल. वर आलं की हिरवं बटण दाबायचं; मग ॲपच्या यादीत तिचं नाव हिरवं होतं. मनुबाई म्हणाल्या, “काशिफा, माजा आवाज नेलास, आता जेवाया पन तूच घाल गो.” सगळ्या हसल्या. येसूबाई सर्वांत जास्त.

९ मार्च
ओल्या बोटांनी बटण दाबलं जात नाही. घरी पोहोचलेलीच्या नावानेही ॲपचा धोक्याचा भोंगा वाजत राहतो. कंपनीतून अल्पेशसरांचा फोन: तक्रारी थांबव. मी एक नियम घातला. दहा मिनिटांत उत्तर नसल्यास ‘वर आली’ धरावं. मनुबाईंना सांगायचं राहिलं. राहिलं नाही; सांगितलं नाही.

१५ मार्च
काल यादी पूर्ण हिरवी झाली आणि मनुबाई घरी गेल्या. येसूबाईंची सून तुळशीही यादी बघूनच निघाली. आज सकाळी येसूबाई सापडल्या. फोन सापडला नाही. मी म्हटलं, रेंज नव्हती.
रेंज होती.

२१ मार्च
नियम काढला. येसूबाईंचं नावही काढलं. नळावर तुळशीला टोमणे: सासू बुडत व्हती नि ही भाकऱ्या थापत व्हती. तुळशी हंडा उचलून निघाली. खरं कारण मी सांगितलं नाही.

२८ मार्च
यादीत येसूबाई. हिरव्या. बटण दाबल्याची नोंद आहे. ठिकाण: खाडी, बांधापासून ९० मीटर. पाण्यातला फोन दोन आठवडे चालत नाही. सर्व्हर तपासला. दोष नाही.

१ एप्रिल
४० मीटर.

४ एप्रिल
बांध. अल्पेशसर म्हणाले, नाव पुन्हा काढ, लेखी काही देऊ नकोस.

६ एप्रिल
ठिकाण: तुळशीचं अंगण. तिने मला विचारलं, रोज सकाळी उंबऱ्यावर खाडीचा चिखल कोण टाकतं. गावातल्याच बायका असतील, असंही म्हणाली. मी तिला —

७ एप्रिल
‘वर आली’ हे मी लिहिलं होतं. म्हणून त्या येत आहेत.

८ एप्रिल, दुपार
माझ्या खोलीचा जिना. पायऱ्या ओल्या —

तुळशी, हे तुझ्यासाठी. रेंज होती. नियम माझा होता. तू यादीवर विश्वास ठेवलास, यात तुझी चूक नाही. हे सगळ्या गावासमोर सांगायला मी तयार आहे. कधी येऊ ते शुक्रवार, १० तारखेपर्यंत कळव. तोवर मी इथेच आहे, दाराला आतून कडी —