रुंद गाडी

दादा,

काल दवाखान्यात तुझ्या प्लास्टरखाली उशी सरकवताना मी तुला सगळं समजावलं होतं. मोबाइल टॉवरच्या इंजिनिअरांना डोंगरावर नेताना आपली फोर-बाय-फोर जीप उलटली, कारण ती उंच आणि अरुंद होती, आणि तू टपावर सामान लादून चढावर तिरका गेलास. आता नवी घ्यायची तर रुंद आणि बुटकी घ्यावी. तू जांभई दिलीस.

आज शोरूममध्ये मी तेच बाबांना सांगितलं. एका उंच गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत ते म्हणाले, "पुस्तकात चढ नसतो, बाई." सेल्समनही हसला. मग त्यांनी तुला फोन लावला, स्पीकरवर. तू म्हणालास, "बाबा, रुंद घ्या. उंच गाडी तिरक्या चढावर उलटते." शब्दन् शब्द माझा. बाबांनी लगेच रुंद गाडी पसंत केली आणि मला म्हणाले, "बघ, याला म्हणतात अनुभव."

गाडी उलटवलीस तू, आणि अनुभवीही तूच. घरातली पहिली पदवी माझी, पण ती फॉर्म भरण्यापुरती. गाडीच्या बुकिंगचा फॉर्म मीच भरला. चालवणाऱ्याच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं. लायसन्स माझ्याकडेही आहे.

तू आता सुखरूप फिरशील, याचा आनंद आहे. खोटं कशाला बोलू, जळफळाट त्याहून जास्त आहे. हे पत्र तुला देणार नाही. वाचलंस तर तू बाबांना खरं सांगशील, आणि मला हवंय की ते तू आपणहून सांगावंस.

तुझी,
धाकटी