काचेच्या फलकातली नोकरी

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
महाविद्यालय कार्यालय, पहिला मजला.

विषय : सूचना फलकातील 'घरबसल्या डेटा एंट्री' ही जाहिरात शनिवारपूर्वी काढण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) 'उचित कार्यवाही सुरू आहे' हे आपले उत्तर (चारही वेळा).

महोदय,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. आपल्याकडची बरीच मुलं माझ्याकडे पाढे शिकून पुढे गेली आहेत, एवढाच माझा या महाविद्यालयाशी संबंध.

१. फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताच्या काचेच्या, कुलपाच्या फलकात परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी ही जाहिरात आहे. तिच्यावर आपल्या कार्यालयाचा गोल शिक्का आहे. मुलाखतीला गेलेल्या मुलांकडून 'पगार जमा करण्यासाठी' पासबुक, कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड ठेवून घेतात. मग त्या खात्यांतून दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे फिरवतात. मुलाखती दर वेळी वेगळ्या भाड्याच्या सभागृहात होतात. कंपनीचा छापील पत्ता मी पायी जाऊन पाहिला. तिथे गाद्या-उशांचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "आज तुम्ही सातवे. बसा, पाणी घ्या."

२. माझी एक विद्यार्थिनी गेल्या महिन्यात यात अडकली. बारीक आणि तल्लख, म्हणून वर्गात आम्ही तिला टाचणी म्हणत असू. तिचं खातं गोठवलं आहे आणि आता ती आरोपी आहे. फसवणूक झालेल्या विद्यार्थ्यानेच तक्रार करावी, असं आपल्या कार्यालयाने मला कळवलं. ती अर्ज घेऊन आली, तेव्हा चौकशी चालू असलेल्या विद्यार्थ्याची तक्रार घेता येत नाही, असं सांगण्यात आलं. "आधी निर्दोष सुटून ये, मग बघू," लिपिक भाऊसाहेब म्हणाले. ते रागावून बोलले नाहीत. तिला बसायला खुर्चीही दिली.

३. ज्याने जाहिरात लावायला दिली, त्याच्या लेखी विनंतीवरूनच ती काढता येते, असाही नियम मला दाखवण्यात आला. म्हणून मी जाहिरातीतल्या ई-मेलवर कंपनीलाच विनंतीपत्र पाठवलं. तासाभरात उत्तर आलं. त्यांनी मला नोकरी दिली आहे. येताना पासबुक आणावं, असं लिहिलं आहे.

४. काचेवर मी बाहेरून एक कागद चिकटवला होता : 'बाळांनो, पासबुक-कार्ड कुणाच्याही हाती देऊ नका.' त्यावर शिक्का नसल्याने शिपायाने तो काढला. त्याचं काही चुकलं नाही.

५. यात माझाही दोष आहे, तो लपवत नाही. पूर्वी असल्या जाहिराती विजेच्या खांबांवर चिकटवत. दर वर्षी सहावीच्या मुलांना मी सांगत असे, की खांबावरच्या कागदावर विश्वास ठेवू नका. काचेच्या आत लावलेल्यावर ठेवा, कारण काचेला कुलूप असतं आणि कुलपामागे एक जबाबदार माणूस असतो. परवा फलकापाशी मी मुलांना अडवलं, तर एक जण हसत म्हणाला, "गुरुजी, काचेत आहे की! तुम्हीच तर शिकवलंत." शिकवलेलं मुलांच्या मनातून पुसायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

पुढची मुलाखत शनिवारी अकराला आहे. आपल्याकडची एकोणीस मुलं जाणार आहेत. जाहिरात काढणं नियमात बसणार नाही, हे मी आता धरूनच चाललो आहे. निदान शनिवारपर्यंत मला फलकासमोर उभं राहण्याची परवानगी मिळावी. माझी उंची बेताची आहे आणि जाहिरात माझ्या डोक्याच्या वर येते. ती अंगाने झाकता यावी, म्हणून घरचं एक स्टूल आत आणू द्यावं. स्टुलावर शिक्का लागत असल्यास मारून मिळावा.

आपला नम्र, आणि यांतल्या काही मुलांचा जुना गुरुजी,
(सही)
बुधवार, सकाळी दहा

सोबत :
१) कंपनीने मला दिलेलं नेमणूकपत्र.
२) टाचणीचा परत केलेला अर्ज.
३) शनिवारी जाणाऱ्या एकोणीस मुलांची नावं, त्यांच्याच अक्षरात. मी हजेरी घेतोय, असं त्यांना वाटलं. ही यादी कृपया जपून ठेवावी. चौकशीला येणाऱ्यांना लागेल.