जपून ठेवलेल्या गाडीची काजळी

तीर्थरूप दादांना, तुमच्याच गाडीच्या बोनेटला टेकून धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे गाडी सोडून सगळे बरे आहेत. तुमची तब्येत, वहिनींची पाठ आणि पाहुण्यांच्या खोलीचं रंगकाम कसं आहे ते कळवावं. (रंगकाम सुरू झालं तेव्हा आईला मोतीबिंदू नव्हता. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन गेली.)

बदली झाली तेव्हा तुम्ही गाडी आणि आई माझ्याकडे ठेवून गेलात. आईबद्दल काही सूचना नव्हत्या. गाडीबद्दल मात्र दर रविवारी फोनवर असायच्या: चाळिसाच्या वर न्यायची नाही, लांब तर मुळीच नाही, इंजिनाला त्रास नको. तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, तेही इतकं हळू की एकदा एका सायकलवाल्याने थांबून काही मदत हवी का विचारलं. पुढे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. तुम्ही म्हणालात, आणखी हळू चालव. चालवली.

परवा आईला डोळे तपासायला नेताना चढावर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. मागे हॉर्नचा गजर. चार माणसं ढकलायला उतरली, तर आई कोणाला हात लावू देईना. ‘आधी दादाला विचार.’ तुम्ही मीटिंगमध्ये. मग तुमच्या परवानगीची वाट बघत आम्ही भररस्त्यात उभे. लोक काय म्हणाले ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.

मेकॅनिकने इंजिन उघडलं आणि जणू तिथे साचलेला कोळसा मीच पिकवलाय अशा नजरेने मला आत बघायला लावलं. (बोलघेवडा माणूस, पाना खाली ठेवल्याशिवाय त्याला बोलता येत नाही.) जुन्या इंजिनात म्हणे पेट्रोल व्हॉल्व्हवरूनच आत जायचं, त्यामुळे ते आपोआप धुतले जायचे. यात पेट्रोल थेट आत फवारलं जातं, व्हॉल्व्ह कोरडे ते कोरडेच. त्यांच्यावर तेलाची वाफ बसते आणि तिची काजळी होते. त्यात गाडी जवळच्या जवळ फिरवली की इंजिन धड तापतही नाही. मग त्याने अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून ती काजळी खरवडली. दादा, जपून जपून आपण तिचा श्वास कोंडला. (‘आपण’ आदरार्थी आहे.)

मला राग आलाय, तो लिहूनच टाकतो. आई सारखी म्हणायची, एकदा दादाकडे जाऊन येऊ. मी म्हणायचो, गाडीला लांबचं झेपत नाही, दादाच म्हणालेत. तुमच्या इंजिनाला त्रास नको म्हणून तिने तुमचं घर अजून पाहिलेलं नाही.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. मेकॅनिकच्या मते गाडी आता अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पळवायला हवी. आमच्याकडचा तसा रस्ता एकच, तुमच्याकडे येणारा. तेव्हा रविवारी आईला घेऊन येतो. रंग ओला असला तरी चालेल.

आणखी ता. क. आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, रविवारचं खोडून टाक. ‘गाडीला औषध म्हणून मी कोणाच्या दारात जायची नाही. त्याने बोलावलं तर जाईन.’ तर दादा, तिला एक फोन करा. ये म्हणा, स्वतःच्या मनाने म्हणताय असं म्हणा, गाडीचं नाव काढू नका. खोटं बोलावं लागलं तरी बोला. रविवारी जायचं म्हणताच तिने बॅग भरली होती, ती अजून रिकामी केलेली नाही.