बाबांचं अर्धं गाणं

प्रसेनजितदादा, जय भीम.

डोणगावच्या तुह्या टायपिंगच्या दुकानातला कॉम्प्युटर आज चालू झाला. भंगारातून जुनी रॅम आणली, सीडीवरून विंडोज अठ्ठ्याण्णव पुन्हा टाकलं. चार महिने गेले. बाबांनी सांगितलेली अन् तू टाईप केलेली गाणी त्याच्यातच आहेत. जुन्या फॉन्टातल्या त्या फायली माह्या लॅपटॉपवर उघडल्या की नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतात.

बाबा आता कोणालेच ओळखत नाहीत. पण स्क्रीन पाहून ते खुर्ची ओढून शेजारी बसले. मी शेवटचं गाणं वाचलं. ते दुसऱ्या कडव्यातच थांबते, कारण त्याच दुपारी त्यायनं तुले घराबाहेर काढलं. ते भांडण बाबा विसरले. म्हणाले, "हं प्रसेनजित, लिही. पुढचं सांगतो."

मी कीबोर्डवर बोटं ठेवून अर्धा तास बसलो. त्यायले ओळ आठवली नाही, अन् मले 'मी देवानंद आहे' म्हणता आलं नाही.

दादा, तुह्या कोर्ट मॅरेजचं बाबाले मीच सांगितलं होतं. तू इतकी वर्षं मनालीवहिनीच्या भावाले दोष देऊन राह्यला, अन् मी ऐकून घेतलं.

हे मी त्या गाण्याखालीच, त्याच फॉन्टात लिहून राह्यलो. पाठवलं तरी तुह्या मोबाईलवर याचीही चिन्हंच होतील. कागदावर लिहिलं असतं, तर पाठवावं लागलं असतं.

तुहा,
देवा