ठोके एकशे बेचाळीस

आई,

आमची दवाखान्यातून यायची वेळ झाली तशी तू मुद्दाम बाहेर पडलीस, ते कळलं मला. आता आधी खुर्चीत बस आणि मग वाच. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे बेचाळीस, अगदी नियमित! सव्विसावा आठवडा पार पडला. तुझ्या सुनेच्या ल्युपसच्या आजारामुळे बाळाच्या हृदयाला धोका होता ना, तो आता फारच कमी झालाय. "दर आठवड्याला यायची गरज नाही," असं म्हणून डॉक्टरबाईंनी स्वतःच टाळी वाजवली!

ती आत झोपलीय. कित्येक आठवड्यांनी चक्क घोरतेय, उठवू नकोस. पडदा ओढलेलाच ठेव, ऊन लागलं की तिच्या गालांवर चट्टे उठतात. उठल्यावर बोटं आखडलेली असतील, तेव्हा गरम पाण्याची पिशवी दे.

मी बसवर निघालो, आज माझी दुपारची फेरी आहे.

मागच्या वेळी बाळासाठी तू विणलेलं सगळं देऊन टाकलंस आणि सुया माळ्यावर ठेवल्यास. त्यानंतर आपण तिघंही त्याबद्दल कधी बोललो नाही. आत्ता स्टुलावर चढून त्या सुया मी खाली काढल्यात, टेबलावर आहेत. लोकर कुठल्या रंगाची आणू, तेवढं फोन करून सांग. बस थांब्यावर थांबली की उचलतो.