न टोचलेली टाचणी

प्रिय चिमणे,

अक्षर वाकडं आलंय म्हणून हसू नकोस. पाय स्टुलावर आणि मांडीवर कापड बेतायची फळी घेऊन लिहितोय. मधेच उठावंसं वाटतं. उठलो की तुझी वहिनी स्वयंपाकघरातून नुसती खाकरते आणि मी गुमान बसतो. पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला खुर्चीत बसवणं काय असतं, ते तुला सांगायला नको. तूही त्याच मातीची.

झालं असं की दुकानात जमिनीवर टाचण्या सांडलेल्या असतातच. आजवर एखादी पायात घुसली की मी अशी बोंब ठोकायचो की समोरचा घड्याळवालासुद्धा डोकावायचा. या खेपेला मी दिवसभर मशीन मारली, घरी आलो, आणि वहिनीच ओरडली. फरशीवर रक्ताचे ठसे! अंगठ्याखाली टाचणी पार मुळापर्यंत गेलेली. मला पत्ताच नाही. वर मीच ऐट मिरवली, म्हटलं, बघ, कसा पोलादी पाय आहे तुझ्या नवऱ्याचा. घरातलं मलम चोपडलं, पट्टी बांधली आणि सकाळी परत दुकानात हजर. दुखत नाही म्हणजे काही झालेलं नाही, हा माझा हिशोब.

दुखलं नाहीच. वास यायला लागला, तोही वहिनीला. मग मला अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी चांगला पाय तपासायला घेतला. डोळे मिटा म्हणाल्या, तळपायाला काही लागलं की सांगा. मी वाट बघतोय, बघतोय. शेवटी म्हटलं, बाई, सुरू करा की. तर म्हणाल्या, झालंसुद्धा. डोळे उघडले तर त्यांच्या हातात नायलॉनचा दोरा. अख्खा जन्म दोऱ्यावर काढला, आणि मला दोरा कळला नाही गं.

रक्त तपासलं तर शुगर भरमसाट निघाली. बाई म्हणाल्या, ती फार दिवस वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तही तिथवर धड पोचत नाही. म्हणून लागलेलं कळत नाही आणि झालेली जखम भरत नाही. त्यांनी मेलेली कातडी कापून काढली. तेही दुखलं नाही, आणि तेव्हा मात्र मी घाबरून रडलो. आता इन्सुलिन आहे, गोळ्या आहेत, एक दिवसाआड ड्रेसिंग आहे. जखमेवर भार पडू नये म्हणून बोजड बूट दिलाय. मशीनला पाय लावायचा नाही. वहिनीने तिच्यावर चादर टाकून ठेवलीय, आणि ती चादर बघितली की माझे हात शिवशिवतात. अंगठा वाचेल की काढावा लागेल, ते अजून सांगत नाहीत. आधी आला असता तर एवढं झालंच नसतं, एवढंच म्हणतात.

अंगठ्याचं काय व्हायचं ते होईल. मला स्वस्थ बसू देत नाही ते वेगळंच. मागे तू आली होतीस, निघताना आपण बोलत बोलत कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे माझं लक्ष गेलं, तुझ्या एका पायात चप्पलच नव्हती. ती जिन्यातच राहिली होती. भर उन्हात, खडीवरून, तू एका अनवाणी पायाने एवढी चालत आलीस. आपण पोट धरून हसलो. वहिनी अजून तुला विसरभोळी म्हणते. चिमणे, त्या दिवशी तू विसरली नव्हतीस. तुला कळलंच नव्हतं. आईची शुगर माझ्याआधी तुझ्याकडे आलीय. तेव्हा हे वाचून झालं की आधी आरसा घेऊन दोन्ही तळपाय बघ. मग डोळे मीट आणि सुनेला तुझ्या पायाच्या बोटांना हलकेच बोट टेकवायला सांग. कळलं नाही तर त्याच पावली दवाखाना गाठ. कळलं तरी एकदा दाखवून ये, आणि उगाच घाबरवलं म्हणून मला पानभर शिव्या लिहून पाठव. त्या शिव्यांची वाट बघतोय.

तुझाच,
खुर्चीत अडकलेला
दादा